रायसिंगला विकलेलं वेटोळं

"हल्ली कंपनीवाले डब्यावर इतकं बारीक लिहितात की मुंगीलाही चष्मा लागेल," पडद्यापलीकडून बापूजी पुटपुटले. "शाई वाचवतात लेकाचे."

पडद्याअलीकडे मी कणीक मळत होते. आमचं दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये फक्त एक पडदा. त्याच्या फटीतून मला बापूजी स्पष्ट दिसत होते. त्यांनी डबा नाकाशी धरला होता. उलटा.

बापूजी म्हणजे माझे सासरे, जेठमलजी. विसरवाडीच्या हायवेला लागून आमचं शेतीसामानाचं दुकान आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप, दोरखंड, म्हशीची घुंगरं, उंदरांचे सापळे, सगळं मिळतं. गादीवर बापूजी. गादी म्हणजे तरी काय, पांढरी खोळ घातलेली एक बैठक आणि एक लोड. पण सकाळी तिच्यावर बसले की ते जेठमल शेठ होतात आणि संध्याकाळी उठले की नुसते गुडघे दुखणारे म्हातारे.

त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी जियाच्या पप्पांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं की गेलेली नजर आता परत यायची नाही. जियाच्या पप्पांनी आत येऊन बापूजींना सांगितलं, "थेंब टाकायचे, बास." त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य कोणी बोलत नाही. बोललं की दुसऱ्या दिवशी गादीवर कोण बसणार हा प्रश्न आला. आणि बापूजी गादीवर नसतील तर मग कुठे असतील, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं.

न बोलता चालवायचं म्हटलं की माणूस किती युक्त्या करतो बघा. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे "हरवलेली" आहे. ती जियाच्या पप्पांच्या खिशात असते. बाकीच्या मालाला आम्ही जागा ठरवून दिल्या. पिशव्यांना गाठी मारल्या, एकीला एक, दुसरीला दोन. तरी चूक होतेच. तुरीचं बी मागणाऱ्याला बापूजी भरघोस आशीर्वादासकट मुगाचं देतात. मग गिऱ्हाईक दुकानाला वळसा घालून मागच्या गल्लीत येतं, मी दारात उभी असते, पिशवी बदलून देते आणि म्हणते, "घाईत झालं असेल." गिऱ्हाईक म्हणतं, "होतं असं." आता तर पंचक्रोशीत पद्धतच पडली आहे की जेठमल शेठकडे पुढच्या दाराने घ्यायचं आणि मागच्या दाराने मिळवायचं.

आणि मी तर बोलूच शकत नव्हते. आमच्या मारवाड्यांत सून, म्हणजे बींदणी, सासऱ्यासमोर घुंघट ओढते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बापूजींशी माझं एकही वाक्य झालेलं नाही. भांडण नाही, रीत आहे. निरोप जियामार्फत जातो, नाहीतर तिच्या पप्पांमार्फत, आणि दोघंही घरी नसली तर मांजरीमार्फत. "मने, बापूजींना म्हणावं, आमटी निवते आहे." बापूजीही हवेला उत्तर देतात. मांजरही नसलं तर बांगड्या आहेतच. एकदा वाजवल्या की चहा, दोनदा वाजवल्या की जेवण.

आता तुम्ही विचाराल, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासमोर घुंघट कशाला? मीही स्वतःला विचारलं होतं. पण पदर ओढताना बांगड्या कपाळापर्यंत जातात, तो आवाज बापूजींना ऐकू येतो. एखाद्या दिवशी तो आला नाही तर त्यांना काय कळेल? म्हणून मी पदर ओढते. जरा जोरातच ओढते.

तर अशा घरात राहून मी अंतराळयुद्ध लिहिलं.

हसू नका. माझी शाळा सातवीत सुटली, तीही हिंदीतली. मराठी मी शिकले ती पुड्यांवर. दुकानात रद्दी यायची, खिळ्यांच्या, सुतळीच्या पुड्या बांधायला. बांधायच्या आधी मी वाचायचे. गोष्ट रंगात यायची आणि नेमकी कागदाच्या कडेला संपायची. पुढचा कागद कोणाच्या घरी खिळे घेऊन गेलेला. मग पुढचं मी मनाने रचायचे. असं करता करता मला गोष्टी लिहिता यायला लागल्या. सुरुवाती मात्र अजून नीट जमत नाहीत, कारण माझ्या वाट्याला बहुतेक मधलेच कागद आले.

जिया, माझी लेक, नवापूरच्या कॉलेजात शिकते. यंदा गॅदरिंगला सरांनी सांगितलं, दरवर्षी रडकी नाटकं होतात, काहीतरी वेगळं करा. मी म्हटलं, मी देते लिहून. एका ग्रहावर पाणी आहे, ते पळवायला दुसऱ्या ग्रहावरचं सैन्य येतं आणि एक सेनानायिका एकटीने त्यांना अडवते. सेनानायिका म्हणजे जिया. अडचण एकच होती. मला गोष्टीत माणसं मारता येत नाहीत. शत्रू झाला तरी त्याची आई घरी वाट बघत असणार.

म्हणून मी शस्त्र काढलं, वेटोळं. पाठीवर टाकी, हातात नळ. नळातून चकती सुटते, जमिनीवर जाऊन गप्प पडते. शत्रूचा पाय पडला की चकतीतून किरणांची दोरी निघते आणि त्याच्याभोवती वेटोळं घालते. तो जितका ओढेल तितकं घट्ट. तो शांत उभा राहिला तर काही त्रास नाही. मारायचं नाही, नुसतं थांबवायचं.

"मम्मी, एक नंबर आयडिया आहे," जिया म्हणाली. "पण हे बनवणार कोण?"

"मी," मी म्हटलं. आणि वर असंही म्हटलं, की माझ्या वेटोळ्यात सापडलेला माणूस माझ्या परवानगीशिवाय सुटायचा नाही. जरा जास्तच बोलले, पण बोलले.

सामान सगळं दुकानातलंच. कोणीतरी परत केलेला फवारणीचा जुना पंप, ती झाली टाकी. दांडा खालीवर केला की हवा कोंबली जाते आणि जाड नळातून चकती सुटते. चकत्या तेलाच्या डब्यांच्या झाकणांच्या. आत उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग, घडी घातलेलं मासेमारीचं जाळं, काठाला म्हशीची घुंगरं. आणि आवाजासाठी हायवेवरच्या भंगारवाल्याकडून आणलेले ट्रकच्या रिव्हर्सचे भोंगे. पाय पडला की जाळं गुडघ्यापर्यंत उसळायचं आणि एक बाई गोड आवाजात सांगायची, "सावधान, गाडी मागे येत आहे." अंतराळात हे वाक्य बसत नव्हतं, पण भोंगे तेवढेच मिळाले.

पहिला प्रयोग जियाच्या पप्पांवर झाला. ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले आणि तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"तीजा, हे काय आहे?"

"साहित्य," मी म्हटलं.

मग मी सगळ्याला चंदेरी रंग दिला. रंग वाळायला पंखा हवा, आणि चांगला पंखा दुकानात. म्हणून सकाळी, बापूजी अंघोळीला गेले असताना, मी वेटोळं दुकानात नेऊन ठेवलं. मोकळी जागा एकच होती, विकायच्या पंपांशेजारी. थोड्या वेळाने उचलू म्हटलं. जियाचे पप्पा माल आणायला नवापूरला गेले होते, जिया तालमीला. मी पोळ्या करायला बसले.

आणि दुकानात रायसिंग आला.

रायसिंग आमचं जुनं गिऱ्हाईक. वर डोंगराकडे त्याचं शेत. बापूजींचा आणि त्याचा एकमेकांवर जीव, शिव्या दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तेही दुकानाच्या भाषेत, अहिराणीत.

"काय रे रायसिंग, जिवत शे का?"

"शे ना शेठ. तूर फुलावर आली, अळी पडली. पंप पाहिजे."

"आठे बठ. तुले असा पंप देस, तुन्हा आजानी देखा नही व्हई."

मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. बापूजी उठले, पंपांच्या रांगेवरून त्यांनी हात फिरवला आणि तो नेमका वेटोळ्यावर थांबला. टाकी, पट्टे, दांडा, नळ. हाताला पंपच लागणार, कारण तो पंपच होता. नळ चाचपून ते खूश झाले.

"नवीन पद्धतना नळ शे. जाडा. लांब जाई."

रायसिंगने त्या चंदेरी वस्तूकडे पाहिलं. घुंगरांकडे पाहिलं. मग हळूच पडद्याकडे पाहिलं.

"शेठ, हाऊ पंप... चमकस बहू."

"नवा शे. नवा चमकीच."

काय करू? बोलता येईना. जिया नाही, तिचे पप्पा नाहीत, आणि मनी नेमकी त्या दिवशी कुठे उलथली होती कोण जाणे. मी बांगड्या वाजवल्या. जोरात.

"हां, च्या ठेव," बापूजी हवेला म्हणाले. "रायसिंगले बी."

मी पुन्हा वाजवल्या. वाजवत राहिले.

"जेवण? आत्ताच?" बापूजी हवेला म्हणाले. "रायसिंग, जेवस का? घरमा आज लई प्रेम ऊतू चालनं."

मी फटीतून रायसिंगला मान हलवून "नको, नको" सांगितलं. पण घुंघटाच्या आत हललेली मान बाहेरून कशी दिसते, हे मला आजवर कधी बघायला मिळालेलं नाही. रायसिंगने ती पाहिली, मोठ्या समजुतीने स्वतःचीही हलवली आणि वेटोळं पोत्यात घातलं.

मी मनाला समजावलं, हरकत नाही, तो मागच्या दाराला येईलच. पण चहा तर सांगितलेला, नाही गेला तर बापूजी चौकशी करणार. मी आधण ठेवलं. तेवढ्यात हायवेवरून एकामागून एक ट्रक जायला लागले आणि त्या घरघरीत मला दुसरं काही ऐकू येईना. नंतर कळलं की रायसिंग मागच्या दाराला आला होता. त्याने कडी वाजवली, वाट पाहिली आणि बाई बदलून द्यायला आल्या नाहीत म्हणजे माल बरोबरच असणार, असा अर्थ काढून जीपमध्ये बसला.

पडद्याखालून चहाचे पेले सरकवले तेव्हा बापूजी एकटेच होते. समाधानाने मिशांवरून बोटं फिरवत होते. रंग पुरता वाळलेला नव्हता. त्यांच्या मिशीची डावी बाजू चंदेरी झाली होती.

जियाचे पप्पा परत आले तसं मी त्यांना चुलीपाशी ओढून सगळं सांगितलं.

"म्हणजे रायसिंग ते पाठीला लावून तुरीत उभा आहे?"

"असेल."

"आणि दांडा मारतो आहे?"

"तुम्ही ओरडू नका. ते काही कोणाला मारत नाही."

"मला माहीत आहे काय करतं ते," जियाचे पप्पा म्हणाले आणि पाय चोळला.

मला नाटकाची काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती वेगळीच. रायसिंग चिडून ती वस्तू घेऊन पुढच्या दाराने परत आला, चार माणसांसमोर गादीवर ठेवली आणि म्हणाला, शेठ, हा पंप आहे का? तर? आम्ही इतकी वर्षं राखलेलं सगळं एका प्रश्नात गेलं असतं.

ठरलं असं, की खरा पंप पिकअपमध्ये लपवून न्यायचा, गुपचूप अदलाबदल करायची आणि परत यायचं. आम्ही कुजबुजतच ठरवलं. पण देवाने बापूजींची नजर काढून घेतली ती सगळी कानांत भरली आहे.

"कुठे निघालात?"

"ते... रायसिंगच्या पंपाचा वॉशर द्यायचा राहिला," जियाचे पप्पा म्हणाले.

"पंप मी विकला, वॉशर तू देणार?" बापूजी गादीवरून उठले. "गिऱ्हाईक माझं आहे. मीच येतो. नव्या पद्धतीचा नळ आहे, त्याला समजावून द्यायला हवा."

सासरे पुढे बसल्यावर सून त्यांच्याशेजारी बसत नाही. म्हणून पुढे बापलेक आणि मागे उघड्यावर मी, खतांच्या गोण्यांमध्ये, घुंघट ओढून, मांडीवर ताडपत्रीत गुंडाळलेला खरा पंप. रस्ता डोंगराचा. प्रत्येक खड्ड्यात पंप ताडपत्रीबाहेर डोकावायचा आणि मी त्याला तान्ह्या बाळासारखं झाकायचे. वाटेत गाडी थांबली तेव्हा एका बाईने मला विचारलं, "मुलगा की मुलगी?"

मध्येच जियाचा फोन आला. "मम्मी, वेटोळं वाळलं का? सर बघायचं म्हणतायत."

"त्याचा प्रयोग चालू आहे, बेटा."

"कुठे?"

"बाहेरगावी," मी म्हटलं आणि रेंज गेल्यासारखं केलं.

नाटकाची चिंता तुम्ही करू नका. ते झालं, चांगलं झालं, जियाला शिट्ट्या मिळाल्या. मी सांगते आहे ती गोष्ट वेगळी आहे.

रायसिंगचं घर उतारावर. समोर कापून झालेलं भाताचं खाचर, त्याच्यापलीकडे फुललेली तूर. पिकअपचा आवाज ऐकून त्याची बायको दिवलीबाई अंगणात आली. एक कोंबडा तिच्या काखेत होता आणि त्याच्या पायाला जाळ्याचा तुकडा लोंबत होता.

"आल्या का बाई? तुमच्या त्या पंपाने याला दोनदा धरलं, एकदा मला..."

मी गोणीवरून उडी मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग डोळ्यांनी बापूजींकडे दाखवलं. डोळे घुंघटात, पण बाईला बाईचं कळतं. दिवलीबाईने बापूजींकडे पाहिलं. त्यांची अर्धी चंदेरी मिशी पाहिली. पुढचं वाक्य तिने कोंबड्यासकट काखेत दाबलं.

रायसिंग धावत आला.

"शेठ, तुम्ही? एवढ्या लांब?"

"पंप कसा शे?"

रायसिंगने एकेक करून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "चांगला शे, शेठ. असा पंप मी कधी देखा नही."

"बोलनू होतू ना? फवारा लांब जास का?"

"फवारा..." रायसिंगने खाचराकडे पाहिलं. "जास. फार लांब जास."

"मग दाखव मारून."

जियाच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताडपत्रीकडे पाहिलं. त्यांनी खरा पंप उचलला, रांजणातलं पाणी त्यात ओतलं, पाठीला लावला आणि चपला हातात घेऊन पावलांचा आवाज न करता तुरीच्या दिशेने पळाले. तोवर बापूजींना काहीतरी ऐकू यायला हवं होतं.

"मारतो, मारतो," रायसिंग मोठ्याने म्हणाला आणि नुसताच हात खालीवर करू लागला. दिवलीबाई बाजूला उभी राहून तोंडाने "फुस्स, फुस्स" करू लागली. त्या बाईने आयुष्यात कधी नाटकात काम केलं नसेल. पण मी सांगते, जियाच्या कॉलेजच्या नाटकात तिच्याइतकं मनापासून कोणी केलं नाही.

बापूजींनी कान टवकारले. "फवारा खोकलत शे का?"

"नवा शे ना," रायसिंग म्हणाला.

तेवढ्यात तुरीतून खऱ्या पंपाचा आवाज आला. जियाचे पप्पा पोहोचले होते. बापूजींचा चेहरा उजळला. "हां. आता बरोबर." आणि कोणाला काही कळायच्या आत ते त्या आवाजाच्या दिशेने खाचरात उतरले. हात पुढे पसरलेला, तळहातावर फवाऱ्याचे थेंब घेऊन बघायचे होते. पंप विकताना ते कायम असंच करतात. थेंब बारीक आहेत की जाड, ते तळहातावर ओळखतात.

रायसिंगचा चेहरा पांढरा पडला.

"बाई," तो माझ्याकडे वळून पुटपुटला, "चकत्या खाचरातच लावल्यात. डुकरांसाठी."

"थांबवा त्यांना," दिवलीबाई म्हणाली.

थांबवायचं म्हणजे काय म्हणायचं? शेठ, पुढे सापळा आहे, तुम्हाला दिसत नाही का? तिघांच्याही ओठांवर ते आलं आणि तिघांनीही गिळलं. त्या गिळण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात खाचरात घुंगरं वाजली. जाळं उसळलं. बापूजींचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले गेले आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, "सावधान, गाडी मागे येत आहे."

"कोणती गाडी?" बापूजी ओरडले. "कोणाची गाडी? ब्रेक मार रे!"

वडिलांचा आवाज ऐकून जियाचे पप्पा तुरीतून पंपासकट धावत निघाले आणि बांधावरच दुसऱ्या चकतीत सापडले. आता दोन बाया बोलत होत्या, एकीच्या मागे दुसरी. सावधान, सावधान, गाडी, गाडी. रायसिंग हात वर करून म्हणाला, "कोणी हलू नका, अजून एक आहे कुठेतरी," आणि काठीने जमीन चाचपत ती शोधू लागला.

बापूजी खाचराच्या मधोमध उभे. पाठीमागे ट्रक येतो आहे असं समजून दोन्ही हात मागे धरलेले, जणू ते त्याला हाताने थोपवणार होते. पाय ओढत होते, आणि ओढतील तितकं जाळं आवळत होतं. ते पडले असते. या वयात, त्या टणक ढेकळांवर पडले असते. आणि वेटोळं सोडवायची खुबी जगात एकाच माणसाला माहीत होती.

मी खाचरात उतरले. त्यांच्या पायांशी बसले. झाकणाची कडी शोधू लागले, पण घुंघटातून मला नीट दिसेना. मी पदर मागे टाकला. आणि मग माझ्या तोंडून निघालं.

"बापूजी, ओढू नका. गाडी नाही, भोंगा आहे. डावा पाय सैल सोडा."

बापूजी एकदम शांत उभे राहिले. भोंग्याची बाईही दमून थांबली.

"बींदणी?"

"हो."

त्यांनी डावा पाय सैल सोडला. मी कडी फिरवली, जाळं थोडं सुटलं. बापूजी वाकले आणि माझ्या हातातलं झाकण त्यांनी घेतलं. त्यांची बोटं त्यावरून फिरू लागली. मी रोज पडद्याच्या फटीतून ती बोटं बघते, इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

"तेलाच्या डब्याचं झाकण," ते म्हणाले. "ही उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग. आपली. म्हशीची घुंगरंही आपलीच." बोटं कडेला थांबली, एकमेकांवर घासली गेली. "हा चिकट रंग सकाळी पंपालाही होता."

रायसिंगच्या काठीचा आवाज येत होता तिकडे त्यांनी तोंड केलं.

"मी हे विकलं याला."

"नाही, नाही शेठ," रायसिंग काठी टाकून म्हणाला, "मीच चुकीचं उचललं. घाईत होतो."

"ऊन डोळ्यावर आलं असेल, बापूजी," बांधावरून जियाचे पप्पा म्हणाले. ते अजून जाळ्यातच होते. "सकाळी दुकानात उन्हाची तिरीप येते."

"रंगच असा फसवा आहे," दिवलीबाई म्हणाली. "आणि या खाचरात गवत किती माजलंय. चकती कोणालाच दिसली नसती. मलाही नाही दिसली."

"माझीच चूक," मी म्हटलं. तोंड उघडलंच होतं, म्हटलं आपणही एक खोटं घालून द्यावं. "मी ते पंपांच्या रांगेत ठेवलं. कोणीही फसलं असतं. डोळस माणूससुद्धा..."

आणि मी पदर तोंडावर दाबला.

बापूजींनी आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा ते असंच मान खाली घालून, पूर्ण ऐकून घेतात. मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपली.

"गवत नाही इथे," ते म्हणाले. "भात कापलाय. धसकटं टोचतायत पायाला."

त्यांनी झाकण माझ्या हातात परत दिलं आणि माझ्या खांद्यावर भार टाकून ते ताठ उभे राहिले. तोंड माझ्याकडे होतं. हवेकडे नव्हतं.

"म्हने दीसे कोनी, बींदणी," ते आमच्या मारवाडीत म्हणाले. मग रायसिंगलाही समजावं म्हणून त्याच्या दिशेने वळले आणि दुकानाच्या भाषेत, गादीवरून भाव सांगावा तितक्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "माले दिसत नही, रायसिंग."